तक्रार क्रमांक चारशे अकरा

"तपासले. ठीक आहे. बंद."

मिरजेतल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, डबा उघडा ठेवून, मी मोबाइलवरचे हे चार शब्द तिसऱ्यांदा वाचले.

"मॅडम, घरी सगळं बरं आहे ना?" कांबळे सरांनी विचारलं. ते आमचे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख.

"बरं कसलं सर! तक्रार बंद केली त्यांनी. बघितलंसुद्धा नाही."

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "कुठलं पोलीस ठाणं?"

"पोलीस नाही हो. बाळाच्या झोपेची तक्रार."

सरांनी खुर्ची परत मागे नेली. मग त्यांच्या डब्यातला एक लाडू उचलून त्यांनी माझ्या झाकणात ठेवला. "खा," म्हणाले. "आणि ते पुढच्या सत्राचं मला सोमवारपर्यंत सांगा. तास घेणार असाल तर तुमचं नाव देतो, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल. घाई काही नाही. पण सोमवार."

त्या दिवशी शुक्रवार होता.

वामा तेव्हा आठ महिन्यांची होती. आज ती तिसरीत आहे आणि झोप या विषयावर माझ्याशी वकिलासारखी भांडते. पण तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी कॉलेजात असताना अकरा ते चार वामा आत्यांजवळ असायची. सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात. आत्यांनी दोन मुलं, तीन पुतणे आणि शेजारच्या घरातलं एक असं सगळं वाढवलेलं; त्यांना माझ्या देखरेखीची गरज नव्हती. गरज मला होती. म्हणून मी आमच्या दोघींच्या मोबाइलवर 'अंगाई' नावाचं ॲप घातलं. बाळानं दूध कधी घेतलं, लंगोट कधी बदलला, झोपलं कधी, उठलं कधी. सांगलीत आत्यांनी बटण दाबलं की मिरजेत मला दिसायचं. मी ते दोन तासांच्या मधल्या वेळात बघायची. खरं सांगायचं तर तासातही बघायची. एकदा पानांचे प्रकार शिकवताना फळ्यावर 'शी, ११.४०' असं लिहून गेले, आणि मागच्या बाकावरच्या दोघींनी ते वहीत उतरवूनही घेतलं.

तर सगळं उमटायचं, पण दुपारची झोप उमटायची नाही. कधीमधी एखाद्या दिवशी दिसायची, एरवी जागा कोरी.

"आज झोपली नाही का?" मी घरात शिरता शिरता विचारायची.

"झोपली की. चांगली तासभर."

"बटण दाबलं होतं?"

"दाबलं की."

"मला दिसलं नाही."

"ते तुझ्या डोळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या बोटानं दाबलं होतं."

असे तीन आठवडे गेले. ॲप खोटं बोलत असेल तर प्रश्न नव्हता. आत्या बोलत असतील, तर पुढच्या सत्राचे तास मी घेणार नव्हते. वामा दुपारभर रडत असेल आणि मला संध्याकाळी 'झोपली की' असं सांगितलं जात असेल, तर मी कुणाला काय शिकवणार होते? कांबळे सरांना द्यायचं नकाराचं पत्र मी लिहूनही ठेवलं होतं. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

अभिनंदनशी, म्हणजे नवऱ्याशी, हे बोलून काही उपयोग नव्हता. तो कुपवाडला पंपाच्या कारखान्यात आहे. त्याला वाटतं, जगात जे गळत नाही ते ठीक चाललंय.

"म्हणजे आई खोटं बोलते?" तो म्हणाला.

"मी असं म्हटलं का?"

"तोंडानं नाही म्हटलंस."

"मग?"

"मग ॲपवाल्यांना विचार. माझ्या आईला विचारू नकोस."

ते ॲप कुठल्या कंपनीचं नव्हतं. चार-पाच हौशी माणसांनी फावल्या वेळात बांधलेलं, फुकट, आतली सगळी घडण उघडी. कुणीही पाहावी, कुणीही दुरुस्त करावी. काही बिघडलं तर त्यांच्या पानावर तक्रार लिहायची. तिला क्रमांक मिळतो. त्यांच्यातलं कुणी ती तपासतं, निकाल लावतं आणि बंद करतं. ते पान जगातल्या कुणालाही वाचता येतं, हे मला माहीत होतं. जगात आत्याही येतात, हे मात्र लक्षात आलं नाही.

तक्रारीच्या अर्जात तीन रकाने होते. 'तुम्ही काय करत होता?' मी लिहिलं: नोकरी. 'काय व्हायला हवं होतं?' बाळानं दुपारी झोपायला हवं होतं. 'प्रत्यक्षात काय झालं?' माहीत नाही, तेच विचारते आहे. आणि खाली, जरा रागातच: 'घरातील ज्येष्ठ व्यक्ती बटण दाबल्याचे सांगते. तिला मोबाइल नीट येत नाही किंवा ती खरे सांगत नाही. नक्की कोणते ते कळवावे.'

ही तक्रार क्रमांक चारशे अकरा. तिच्यावर कुणा दि. गो. खरवंडीकरांनी ते चार शब्द लिहून कुलूप घातलं होतं.

पण बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायला एक बटण असतं. कांबळे सरांचा लाडू खाऊन मी ते दाबलं. "न तपासताच बंद केली आहे," असं लिहिलं.

तासाभरात उत्तर आलं. "तपासले. नमुना बाळ क्रमांक एक याची दुपारची झोप व्यवस्थित नोंदली गेली. बंद."

मी पुन्हा उघडली. "हे नमुना बाळ कोण?"

"तपासणीसाठी ॲपमध्ये तयार केलेले बाळ. दुपारी दीडला झोपते, अडीचला उठते."

"रोज?"

"रोज. गेली तीन वर्षे."

"रडत नाही?"

"तशी सोय केलेली नाही. बंद."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिसऱ्यांदा उघडून लिहिलं, "तुमच्या घरात खरं बाळ आहे का हो?"

यावर शनिवारी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मला वाटलं, संपलं. गृहस्थ रुसले. पण शनिवारी दुपारी भलं मोठं उत्तर आलं.

"नाही. आपला मुद्दा रास्त आहे. मी नगरला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. चौतीस वर्षे तक्रारी बंद केल्या. हात आपोआप जातो. पण खात्यात आम्ही एक पाळत होतो: तक्रार करणारा एक आणि फोन वापरणारा दुसरा असेल, तर वापरणाऱ्याला भेटल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. ते मी पाळले नाही. आपल्या नोंदी मला पाहायची परवानगी द्यावी, आणि ज्येष्ठ व्यक्तीशी फोनवर गाठ घालून द्यावी. उद्या रविवार, दुपारी एक."

परवानगी मी लगेच दिली. ज्येष्ठ व्यक्तीचं काय करायचं ते कळेना. शेवटी संध्याकाळी भाजी निवडताना आत्यांना म्हणाले, "ते ॲपवाले काका उद्या नगरहून फोन करणार आहेत. तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

"माझ्याशी? कशाला?"

"तुम्ही छान वापरता म्हणून."

आत्यांनी मेथीची काडी मोडली. "बरं," म्हणाल्या.

रविवारी पाऊण वाजता त्या इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या.

"आत्या, नुसता फोन आहे. ते तुम्हाला बघणार नाहीत."

"आवाजाला कळतं," आत्या म्हणाल्या आणि वामाला मांडीवर घेऊन बसल्या.

ॲपसाठी आमचे दोघींचे मोबाइल मोकळे राहावेत म्हणून मी अभिनंदनचा नंबर दिला होता. बरोबर एकला त्याचा फोन वाजला. मी स्पीकर लावून तो मधे ठेवला.

"नमस्कार. दिनकर गोविंद खरवंडीकर बोलतोय, नगर. तक्रार क्रमांक चारशे अकरा. आधी वाचून दाखवतो, म्हणजे मजकूर बरोबर आहे का ते कळेल."

"काका, वाचायची काही गरज..."

"पद्धत आहे, ताई."

आणि त्यांनी वाचली. सगळी. नोकरीपासून 'नक्की कोणते ते कळवावे'पर्यंत, सावकाश, बातम्या दिल्यासारखी. अभिनंदनला एकदम आठवलं की गच्चीवरची टाकी बघायची आहे. तो जिन्याकडे निघाला.

"बस तिथं," आत्या त्याला म्हणाल्या. मग फोनकडे वाकून, "शेवटचं पुन्हा वाचा हो."

"तिला मोबाइल नीट येत नाही किंवा ती खरे सांगत नाही. पूर्णविराम. नक्की कोणते ते कळवावे. पूर्णविराम."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मंडईत वांगं उलटंपालटं करून बघतात तसं.

"हे कुठं लिहिलंय?"

"एका पानावर," मी म्हणाले.

"कोण वाचतं?"

मी काही बोलायच्या आत नगरहून उत्तर आलं. "कुणालाही वाचता येतं, मावशी. आतापर्यंत छप्पन जणांनी पाहिली आहे."

"छप्पन," आत्या म्हणाल्या. वामाचं झबलं त्यांनी नीट केलं. "बरं. आता काय करायचं ते सांगा."

"रोज करता तेच करा. मी इथं पडद्यावर बघतो. फक्त जे कराल ते बोलत बोलत करा."

"बोलले तर ती झोपायची नाही."

"मग हळू बोला."

आत्यांनी बाटली तिच्या तोंडाला लावली. "बाटली सुरू. बटण दाबलं," त्या कुजबुजल्या.

"आलं," नगर कुजबुजलं.

वामानं दोन घोट घेतले, बाटली सोडली आणि फोनकडे बघून हसली. आत्यांनी पुन्हा लावली. पुन्हा दोन घोट. मग तिनं अभिनंदनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घरातली तिन्ही माणसं कधी आपल्याभोवती इतकी गप्प बसलेली तिनं पाहिली नव्हती. ती जोरात ओरडली.

"काही बिघाड?" काकांनी विचारलं.

"तुम्ही सगळे बघायलाय म्हणून झोपत नाही," आत्या म्हणाल्या. "उठा रे दोघं. लांब व्हा. आणि तुम्ही हो, श्वास जरा कमी घ्या. तिला ऐकू येतोय."

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलो. फोनमधून श्वास येणं बंद झालं. वीस मिनिटं फक्त पंखा आणि आत्यांच्या गुडघ्याची करकर. माझा नवरा, जो कारखान्यात शंभर माणसांवर ओरडतो, तो एका पायावर उभा होता, कारण दुसऱ्या पायाखालची फरशी वाजते. वामाचे डोळे मिटायला आले. बाटलीत अजून दोन बोटं दूध होतं. तिचं ओढणं मंद झालं, थांबलं, एकदा उगाच सुरू झालं, मग थांबलंच.

आत्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. "झोपली."

"आली," फोन पुटपुटला. "झोप एक वाजून एकतीस. नोंद आली!"

माझ्याही मोबाइलवर दिसली. आत्यांनी हळूच वामाला पाळण्यात ठेवलं, पांघरूण घातलं, हात मोकळा झाल्यावर बाटलीचं बटण बंद केलं.

माझ्या डोळ्यांसमोर झोपेची ओळ पुसली गेली.

"गेली!" काका ओरडले. मग स्वतःलाच गप्प करत, "गेली. माझ्यादेखत गेली. मावशी, तुम्ही बाटलीचं बटण शेवटी बंद करता?"

"मग कधी करू? एका हातात पोर, एका हातात बाटली. झोपेचं तेवढं अंगठ्यानं दाबता येतं."

"पण बाटली चालू असताना बाळ झोपलं कसं?"

फोनच्या या बाजूला आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो.

"अहो, पिता पितानाच झोपतात पोरं," आत्या म्हणाल्या. "तुमचं ते नमुना बाळ काय, उठून तोंड धुऊन मग झोपतं?"

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग काका म्हणाले, "आम्ही असं धरलं होतं की बाळ एका वेळी एकच काम करतं. बाटली संपायच्या आत सुरू झालेली झोप ॲप चुकीची समजतं आणि बाटली बंद झाली की पुसून टाकतं. तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

माझ्याही लक्षात कधी आलं नव्हतं, कारण मी आधी बाटली बंद करून, मग झोपेचं बटण दाबायची. त्या नादात अर्ध्या वेळा ती जागी व्हायची, ते वेगळं.

मला इतकं हलकं वाटलं की मी दारातच बसले. आत्या खरं बोलत होत्या. मी त्यांच्या पायाला हात लावायला उठणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आता फक्त चार नोंदींचं राहिलं."

"कुठल्या चार?"

"तुमच्या घरच्या सोळा दुपारी मी पाहिल्या. बारा दिवस बटण दाबल्याची खूण आहे, नोंद पुसलेली आहे. त्याचं कारण आता कळलं. पण चार दिवसांची झोप टिकली आहे. ती का टिकली, ते कळल्याशिवाय मला बंद करता येणार नाही. त्या चार दिवसांची वेळ बटण दाबून नाही, हातानं लिहिलेली आहे. चारही दिवस दीड ते अडीच. मिनिटाचा फरक नाही. मावशी, त्या चार दिवशी तुमची नात अगदी आमच्या नमुना बाळासारखी झोपली आहे."

आत्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. पाळणा हलवायची गरज नव्हती.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या, "टाकी बघ जा आता."

तो गेला. आत्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "दात शिवशिवत होते तिचे. त्या चारही दिवशी झोपली नाही. तीन तास खांद्यावर घेऊन फिरले. तू आलीस की आधी मोबाइल बघतेस, मग पोरीला, मग मला. मोबाइलात झोप नसली की तुझं तोंड एवढंसं होतं, जेवत नाहीस. म्हटलं, लिहू एक तास. कुणाचं काय जातं?"

मला ते चार दिवस लख्ख आठवले. झोपेची ओळ दिसली म्हणून मी खुशीत स्टँडवर उतरून भडंग घेतलं होतं. चारही दिवशी.

"आत्या, मी त्या दिवशी भडंग आणायची. तुम्ही खायचात."

"पहिल्या दोनदा घास उतरला नाही," आत्या म्हणाल्या. "नंतर उतरायला लागला."

म्हणजे जी बारा दिवस झोपली ती मला दिसली नाही, आणि जी चार दिवस झोपली नाही तेवढीच दिसली. रागवावं की हसावं ते कळेना. "म्हणजे मी जे लिहिलं होतं ते..." मी सुरू केलं.

"अर्धं बरोबर आहे," आत्या म्हणाल्या. "मोबाइल मला येतो."

पाळण्यात वामानं कूस बदलली.

"यापुढे खरं तेच लिहीन," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मग तू तास टाकून पळत येशील."

"नाही येणार."

"येशील."

"नाही येणार, आत्या."

"बघू की."

"हॅलो," फोन म्हणाला. आम्ही दोघी दचकलो. तो चालूच होता. "मी काही ऐकलेलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोनमध्ये होतो. ऐकू येतं, पण ऐकायचं नसतं. ताई, त्या चार नोंदींबद्दल दोन ओळी पानावर लिहा म्हणजे झालं. ठेवतो."

पानावर लिहिलेलं खोडता येतं, पण खोडलेलंही दिसत राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून ज्येष्ठ व्यक्तीचं वाक्य मी तसंच राहू दिलं आणि त्याखाली लिहिलं: 'ज्येष्ठ व्यक्तीला मोबाइल उत्तम येतो. टिकलेल्या चार नोंदी खऱ्या झोपेच्या नाहीत. घरातल्या एकीला काळजी वाटू नये म्हणून दुसरीने केलेल्या आहेत.' आत्यांना वाचून दाखवलं. 'उत्तम' शब्दावर त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी उत्तर आलं. "समजले. झोपेची दुरुस्ती केली आहे. चार नोंदींवर ॲपमध्ये उपाय नाही. आपली हरकत नसल्यास बंद करतो."

या वेळी त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, हरकत नाही.

सोमवारी मी कॉलेजला गेले तेव्हा नकाराचं पत्र पर्समध्ये होतं. तारीख अजून घातली नव्हती. दुपारच्या तासाला मी पेशीची आकृती काढत होते. दोनला दहा कमी असताना टेबलावर मोबाइल थरथरला. ॲपमध्ये आत्यांची नोंद होती. बटणाची नाही, लिहिलेली:

'आज झोपली नाही. बाटली फेकली. दीड तास रडली. आता कढईवर झारा आपटायलीय. मी दमले. तू तुझा तास घे.'

मी ती दोनदा वाचली. पर्स खांद्याला लावली. माझी बस चार-दहाची, पण रिक्षा केली तर अर्ध्या तासात घर. साठ मुलं खडूकडे बघत होती. मी पर्स काढून खुर्चीवर ठेवली, मोबाइल पालथा घातला आणि फळ्याकडे वळले. पुढची वीस मिनिटं मी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी पेशीवरच्या प्रश्नात बरीच मुलं पडली, असं कांबळे सर म्हणाले. पण घंटा होईपर्यंत मी वर्गातून हलले नाही. घंटा झाल्यावर सरांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "सर, पुढच्या सत्राला माझं नाव द्या. आणि चारच्या आत मला सोडा."